अंधारं कार्टून आणि दादाची रजा

आमचे बाबा चिरेखाणीवर होते. रत्नागिरीच्या आसपास वर सगळा कातळ आणि खाली तांबडा चिरा, म्हणजे बांधकामाचा जांभा दगड. तेव्हा तो हातानेच काढायचे. बाबा टिकावाने चर मारायचे आणि आई काढलेले चिरे डोक्यावरून ट्रकपर्यंत न्यायची. संध्याकाळी दोघं घरी आली की पाखाडीच्या खालच्या पायरीवर बसून पाय घासायची. तरी टाचांच्या भेगांतली तांबडी माती काही निघायची नाही. पावसाचे चार महिने खाण बंद. लोकांच्या भातलावणीला जायचं, ती संपली की घरात बसायचं, पेज प्यायची, आणि पेजेबरोबर सुकट असली तर तो दिवस बरा म्हणायचा.

मी पाचवीत असताना बाबांच्या पायावर चिरा पडला. पाय वाचला, पण टिकाव मारण्याइतका राहिला नाही. दादा तेव्हा आठवीत होता. तो एक दिवस दप्तर खुंटीला लावून खाणीवर गेला आणि पुन्हा शाळेत गेलाच नाही. आई रडायला लागली तर म्हणाला, "आये, रडतेस कशाला? माजं डोकं गणितात चालत नाय. हिचं चालतं. एकानं शिकलं तरी पुष्कळ हाय."

त्याचं डोकं गणितात उत्तम चालायचं. मला घरी गणित तोच शिकवायचा.

अठ्ठ्याण्णव साली मी बारावी सायन्स झाले, आणि पुढच्या तीन वर्षांत बी.एस्सी. आमच्या घराण्यात पहिली, आमच्या बौद्धवाडीतही पहिली. हे मी सांगते तेव्हा काही जणांना ते मिरवणं वाटतं. वाटू दे. एस.टी.च्या मागच्या सीटवर वही मांडीवर घेऊन जी केमिस्ट्री मी पाठ केली, ती मिरवायचा मला हक्क आहे. निकालाच्या दिवशी विहारात माझा सत्कार झाला. सगळी वाडी आली होती, दादा मात्र नव्हता. त्याने मधल्या काळात शहरातल्या गॅरेजात वेल्डिंग शिकून घेतलं होतं आणि तो आखातात गेला होता. नाक्यावरच्या टेलिफोन बूथमध्ये मी त्याचा फोन घेतला तेव्हा तो नुसता हसत राहिला. म्हणाला, "आता तू आमची सायबीण." लाईन तुटली.

तो गेला तेव्हा त्याची मुलगी भिंत धरून चालत होती. तो पहिल्यांदा रजेवर आला तेव्हा ती पहिलीत होती. मधली वर्षं बाप म्हणजे तिच्यासाठी फळीवरचा एक फोटो आणि बूथमधला एक आवाज.

आता कार्टूनचं सांगते.

मुंबईला असलेल्या आमच्या वाडीच्या लोकांचं मंडळ होतं. त्या मुंबई मंडळाने वाडीला रंगीत टीव्ही पाठवला. विहाराला लागून समाजमंदिराची खोली होती, तिथे एका लाकडी कपाटात तो बसवला, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली सेक्रेटरीकडे दिली. सेक्रेटरी म्हणजे नाक्यावर सायकलचं दुकान चालवणारा तरुण, हौशी आणि बोलका. केबलची वायरही त्यानेच आंब्यांवरून ओढून आणली. गाव मंडळाच्या बैठकीत टीव्हीचे नियम ठरले. बातम्या चालतील. क्रिकेट चालेल. भुताखेतांच्या मालिका, देवाधर्माच्या मालिका चालणार नाहीत. हा नियम अध्यक्षांचा. अध्यक्ष म्हणजे सगळ्या वाडीचे आबा. छप्पन साली धम्म घेतला तेव्हा ते वयात आलेले होते आणि घरातले देव स्वतःच्या हाताने नदीत सोडले होते. ते म्हणायचे, "बावीस प्रतिज्ञा घेतल्या, भुतं सोडली. ती आता या डब्यातून परत घरात आणायची नायत."

मुलांसाठी संध्याकाळी अर्धा तास ठेवला होता. त्यात काय लावायचं ते सेक्रेटरीवर सोपवलं. त्याने पाहिलं, एका चॅनेलवर त्या वेळेला कार्टून लागतं. त्यात रॉकेट आहे, यंत्रं आहेत, प्रयोगशाळा आहे, देव एकही नाही. त्याने आबांना सांगितलं, "आबा, एकदम विज्ञान आहे."

आबा म्हणाले, "मग लाव. आमच्या वेळेला कुठे होतं विज्ञान!"

झालं. कार्टून म्हणजे पोरांचंच असणार, आणि विज्ञान म्हणजे चांगलंच असणार. हिंदीत भराभर बोलायचे, म्हणून मोठं कुणी बसून बघायचं नाही. मी त्या वेळेला शहरात शिकवण्या घेत असायचे, दिवेलागणीला परत यायचे. पोरं घरी येऊन काहीतरी बडबडायची, यंत्रमाणसं खेळायची. आम्हाला वाटायचं, बरं आहे, खेळतात.

दादा आला त्या दिवशी अर्धी वाडी नाक्यावर गेली होती. मोठी बॅग, अंगाला अत्तराचा वास, रंग रापलेला. बाबा काठी टेकत पुढे झाले. आई त्याच्या गालावरून हात फिरवत राहिली. आणि पोर वहिनीच्या मागे गेली ती बाहेर येईना. "लाजते," सगळे म्हणाले. दादाने बाहुली काढून पुढे धरली. तिने घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. तो ओटीवर आला की ती परसात जायची. तो जेवायला बसला की ती चुलीच्या मागे. तो झोपला असताना मात्र मी तिला पाहिलं. दुपारी दादा ओटीवर पालथा झोपला होता, आणि ती दाराच्या चौकटीला धरून, मान पुढे काढून त्याच्या मानेकडे बघत होती. तिथे केसांच्या खाली एक गोल डाग होता. काळपट, जुन्या चवलीच्या नाण्याएवढा.

मी तिला परसात नेलं. "काय गो बाय, काय बघतेस?"

ती कुजबुजली, "आत्या, ते बाबा नायत."

"मग कोण?"

"वरच्या शहरातनं बदलून आलेले. त्यांच्या मानेवर शिक्का असतो. तोंड तेच असतं. आवाज पण तोच असतो. पण आत मशीन."

मला हसू आलं नाही. तिचे हात बर्फासारखे गार होते.

मोठ्या पोरांना विचारल्यावर सगळं कळलं. त्या मालिकेत एक शहर आहे, लोखंडी छपराखालचं, तिथे सूर्य दिसत नाही. तिथल्या बापांना कामासाठी वर नेतात, आणि परत येतात तेव्हा त्यांच्या मानेवर गोल खूण असते. ते घरी येतात, जेवतात, भिंतीकडे बघत बसतात. ते बाप नसतातच.

रात्रीच्या जेवणाला मी हे घरात सांगितलं. दादा जेवायचा थांबला. त्याने हात मागे नेऊन मान चाचपली. "ही ठिणगी गेली होती कॉलरमधनं," तो म्हणाला. "रॉडची." मग माझ्याकडे वळला. "वाडीत एवढी माणसं हायत. तू शिकलेली हायस. आणि पोरग्यांना काय दाखवतात ते कुणी एकदा बगितलं नाय?"

आई म्हणाली, "जेव बाबा आधी."

"महिन्याची रजा हाय आये. त्यातले दिवस असे जातायत. पोर माझ्याकडे बघून पळते. परत जाईन तेव्हा काय घेऊन जाऊ?"

रविवारी वंदना झाल्यावर विहारातच बैठक बसली. दादा उभा राहिला आणि म्हणाला, केबल तोडा. सेक्रेटरी उठला. म्हणाला, एका पोरीमुळे सगळ्या पोरांचं बंद का? बायकांच्या बाजूने कुणीतरी म्हणालं, "किल्ली तुज्याकडे, तूच बसून बगतोस कार्टून, म्हणून सांगतोस." हशा झाला. आबा मात्र हसले नाहीत. त्यांचा चेहरा पडला होता.

"बदललेली माणसं. ही भुतंच झाली की," ते म्हणाले. "विज्ञान म्हणालास ना रे मेल्या?"

"आबा, रॉकेट आहे त्यात!"

"रॉकेटात बसून आलं म्हणून भूत सुधारतं काय?"

मग ते माझ्याकडे वळले. आबांनी बैठकीत कुठल्याही बाईला थेट विचारल्याचं मला तोवर आठवत नव्हतं. म्हणाले, "तू बी.एस्सी. झालीस. आठवडाभर बस, बघ, आणि शास्त्र आहे की भूत आहे ते पुढच्या रविवारी सांग. तू सांगशील ते करू."

मी त्या आठवड्याच्या संध्याकाळच्या शिकवण्या सकाळी घेतल्या आणि समाजमंदिरात जाऊन बसले.

खरं सांगते, पहिल्या दिवशी मी फक्त चुका शोधल्या. अंतराळात, जिथे हवाच नाही, तिथे स्फोटाचा आवाज येत होता. छपराखाली सूर्यच नाही तर झाडं हिरवी कशी, असं मी मोठ्याने म्हटलं तर पोरांनी "शूऽऽ आत्या" करून मला गप्प केलं. खोलीत सेक्रेटरीने खिडक्या लावून घेतल्या होत्या, कारण उजेडात ते चित्र दिसायचंच नाही, इतकं काळं होतं. राखेचा आणि तांब्याचा रंग, बाकी काही नाही. लहान पोरं पुढे, जमिनीवर, तोंडं वर करून. मोठी मागे.

दुसऱ्या दिवशी चुका शोधायचं मी विसरले.

त्या भागात एक बाप परत येतो. बायको त्याचं ताट वाढते. पूर्वी तो जेवताना जिथे बसायचा तिथेच पाट मांडावा तसं काहीतरी ती मांडते. तो येतो आणि दुसरीकडे बसतो. एवढंच. कुणी काही बोलत नाही. ती ते ताट उचलते आणि तो बसलाय तिथे नेऊन ठेवते. मी मागे वळून पाहिलं तर वहिनी दारात उभी होती. पोरीला शोधायला आली होती बहुतेक. पोर त्या आठवड्यात तिथे येत नव्हती, हे ती विसरली असावी. ती हललीच नाही. भाग संपला तेव्हा तिने पदराने नाक पुसलं आणि म्हणाली, "असंच असतं हो ताई. पहिले चार दिवस माणूस परकंच वाटतं." आणि गेली.

ती गेल्यावर नववीतली एक मुलगी मला म्हणाली, "आत्या, हे आपल्यासारखंच हाय ना? माझे बाबा मुंबईहून शिमग्याला येतात ना, ते पण पहिल्या दिवशी असंच बसतात."

मला वाटलं, या पोरीला ही मालिका जितकी समजली तितकी ती काढणाऱ्यालासुद्धा समजली असेल की नाही कोण जाणे. मी तिच्या वयाची असताना माझ्यासमोर असलं काही कुणी ठेवलंच नव्हतं. टीव्ही फक्त शाळेच्या मास्तरांच्या घरी होता; आम्ही त्यांच्या खिडकीच्या गजांना धरून जे दिसेल ते बघायचो, आणि मास्तरीण बाईंनी खिडकी लावली की पाखाडी उतरून घरी यायचो. त्या आठवड्यात त्या काळ्या खोलीत पोरांच्या मागे बसताना मला फार बरं वाटत होतं हे मी कबूल करते. त्या पोरांच्या डोक्यांचा खोबरेल तेलाचा वास, मधेच कुणाचा तरी दबलेला हुंदका, वीज गेली की एकदम उठणारा "आऽऽऽ". ती खोली आता पाडून तिथे पक्की इमारत झाली आहे. मला जुनीच आठवते.

पण पुढे बसलेली लहान पोरं मी बघितली होती. त्यांना ताटाचं काही कळलं नव्हतं. त्यांना फक्त मानेवरचा शिक्का कळला होता.

इकडे दादाला घरी बसवेना. विहाराचं लोखंडी गेट बरेच दिवस मोडून भिंतीला टेकलेलं होतं. त्याने गॅरेजातून वेल्डिंगची मशीन मागून आणली, समाजमंदिरातून वायर घेतली आणि सकाळपासून गेट जोडायला बसला. मी शिकवण्या उरकून आले तर वाडीतली पोरं जमा झाली होती. मी त्यांना लांब, विहिरीच्या कठड्याच्या पलीकडे उभं केलं आणि सांगितलं, उजेडाकडे बघाल तर डोळे जातील. दादाकडे वेल्डिंगची एक जादा काळी काच होती. ती मी एकेका पोराच्या डोळ्यांसमोर धरत होते. आमची पोर माझ्या ओढणीला धरून, सगळ्यांच्या मागे होती. तिची पाळी आली तेव्हा तिने बघितलं. हिरव्या काळोखात एक तारा पेटल्यासारखा दिसत होता, आणि त्याच्या मागे तोंडावर मुखवटा लावलेला माणूस. त्या कार्टूनमधलाच वाटावा असा. माझ्या मनात आलं, कशाला आणलं हिला इथे.

तेवढ्यात ठिणग्यांचा एक झोत उडाला आणि दादाने मुखवटा फेकून दिला. "आयायायाया!" करत तो उभाच राहिला आणि शर्ट धरून नाचायला लागला. एक ठिणगी सरळ कॉलरमधून आत गेली होती. तो उड्या मारत होता, शर्टाचं बटण तुटून उडालं, तोंडाने आई, बाप, मशीन आणि गॅरेजवाला या सगळ्यांना शिव्या. पोरं खदाखदा हसायला लागली.

आमची हसली नाही. ती माझी ओढणी सोडून ओरडली, "आत्या, बाबांना भाजलं!"

बाबांना. तिच्या तोंडचा तो शब्द दादानेही ऐकला. तो नाचायचा थांबला.

मी त्याला पायरीवर बसवलं आणि भाजलेल्या जागेवर विहिरीचं गार पाणी ओतलं. ती हळूहळू जवळ आली. नवीन डाग लालभडक होता, आणि त्याच्या दोन बोटं वर जुना, काळपट. तिने दोन्हींकडे बराच वेळ बघितलं.

"हा पण असाच झाला?"

"हो गो बाय. असाच."

"तेव्हा पण नाचलात?"

"तिथे नाचायला जागा नव्हती. उंचावर होतो, पट्ट्याला बांधलेला."

"मग फुंकर कोणी घातली?"

दादा म्हणाला, "कोण घालणार? कुणी नाय."

ती त्याच्या मागे पायरीवर चढली, गाल फुगवले आणि फुंकर घालायला लागली. आधी नव्या डागावर, मग जुन्यावरही. दादा मान खाली घालून बसून राहिला. गेटचं काम त्या दिवशी पुढे सरकलं नाही.

रविवारी बैठकीत आबांनी विचारलं, "बोल. शास्त्र की भूत?"

मी उभी राहिले. तेवढ्या माणसांसमोर बोलायची सवय नव्हती, पण शिकवणीत सांगतात तसं सांगायला लागले. म्हटलं, "आबा, शास्त्र म्हणाल तर अर्धंमुर्धं आहे, त्यात चुकाही बऱ्याच आहेत. भूत म्हणाल तर ते नाही. त्यात कुणी कुणाच्या अंगात येत नाही, कुणी नवस करत नाही. माणूस कामासाठी लांब गेला की घरच्यांना तो परका कसा होतो, त्याची ती गोष्ट आहे. यंत्राचं सोंग आहे वरून. आपल्या नववी-दहावीच्या पोरांना ते बरोबर कळतं. त्यांना बघू द्या. त्यांनी बघावंच, असं माझं मत आहे. पण पहिली-दुसरीच्या पोरांना सोंग आणि खरं यातला फरक अजून कळत नाही. त्यात बाप जवळ नसेल तर मुळीच कळत नाही. त्यांच्यासाठी ते नको."

"एकच टीव्ही हाय," मागून कुणीतरी म्हणालं. "अर्ध्यांना बाहेर काढायचं काय?"

"बाहेर काढायचं नाही. त्या अर्ध्या तासात लहान पोरं माझ्याकडे विहारात बसतील. शहरातल्या शिकवण्या मी सकाळच्या करीन. गोष्टी सांगेन, पाढे घेईन. आणि मोठ्या पोरांबरोबर दररोज एक मोठं माणूस बसेल. खिडकी उघडी ठेवून. नवीन काही लावायचं तर आधी कुणीतरी बसून आठवडाभर बघायचं, मगच ठरवायचं."

सेक्रेटरी म्हणाला, "खिडकी उघडली तर दिसत नाय काय पण."

"अर्धी उघड," आबा म्हणाले. बैठक हसली. मग ते दादाकडे वळले. "तुझी तक्रार होती. तू सांग."

पोर दादाच्या मांडीवर बसून त्याच्या घड्याळाचा पट्टा उघडत-लावत होती. दादा म्हणाला, "केबल राहू दे. हिनं सांगितलं तसं करा. आणि मोठ्या पोरांबरोबर रजेत मी बसतो. मला पण बघायचंय त्या ताटाचं काय होतं पुढे. या पोरीची आई रोज सांगते."

आबा पुन्हा माझ्याकडे वळले. "भूत नाय ना पण? नक्की?"

"नाही आबा, नक्की."

"मग ठीक."

सेक्रेटरीने ठराव लिहिला आणि आबांनी खाली सही केली. दादा उरलेली रजा घरात राहिला, गेट जोडून झालं, आणि जायच्या दिवशी पोर त्याच्या खांद्यावर बसून नाक्यापर्यंत गेली आणि एस.टी. हलल्यावर सगळ्या वाडीदेखत भोकाड पसरून रडली. लहान पोरांचा तो अर्ध्या तासाचा वर्ग मी पुढची सहा वर्षं चालवला. त्यातली चार मुलं आज पदवीधर आहेत, आणि माझी पुतणी त्यांतली एक आहे.